‘ग्रुपवर टाकलंय, बघा’

मागच्या अंकात वाचकांना विचारलं होतं की तुमच्या ऑफिसात एखादा नियम, फॉर्म किंवा फोन नंबर शोधायला किती वेळ जातो. आलेल्या पत्रांपैकी निम्मी चिडून लिहिलेली आहेत, आणि मला तीच जास्त आवडली.

नव्या वाचकांसाठी ओळख एवढीच : भोसरीजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी ग्रंथपाल म्हणून लागले. काही वर्षांनी पुस्तकांची दोन कपाटं गेली, ड्रॉइंगची अठरा आली आणि माझं पद ‘डॉक्युमेंट कंट्रोलर’ झालं. पगार तोच राहिला. पुढे इंट्रानेट, म्हणजे फक्त कंपनीतल्या माणसांसाठीची आतली वेबसाइट, आलं तेव्हा ‘बाईंना कागद कुठे असतात ते माहीत असतं’ एवढ्या भांडवलावर तेही माझ्याच टेबलावर आलं. निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. इंट्रानेटवरच्या फोन यादीत माझं नाव आणि एक्स्टेन्शन अजून आहे, असं जुन्या मैत्रिणी सांगतात. तिकडे आता स्टोअरचा फोन वाजतो म्हणे.

मॅडम, आमची सातपूरला साधारण सहाशे माणसांची कंपनी आहे. तीन वर्षांपूर्वी बराच खर्च करून इंट्रानेट केलं. कोणी बघत नाही. रजा, पगारपत्रक, मेडिक्लेम, सगळ्यासाठी मलाच फोन येतात. साहेब म्हणतात डिझाइन जुनं झालंय, नवं करून घेऊ. मला वाटतं नवं केलं तरी हेच होणार. (एचआर सहायक, नाशिक)

तुम्हाला वाटतं ते बरोबर आहे. पण ‘मला वाटतं’वर साहेब कोटेशन थांबवणार नाहीत, म्हणून उद्यापासून फोनशेजारी एक वही ठेवा. शंभर पानी पुरे. येणारा प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडच्या शब्दांत लिहा. तो ‘सुट्टीचा कागद कुठाय’ म्हणाला असेल तर वहीत ‘रजा अर्जाबाबत चौकशी’ असं लिहायचं नाही. पुढे तेच शब्द कामाला येतात.

मी हे अकरा दिवस केलं होतं. पहिल्या नंबरला कंपनीची बस आली. दुसरी पाळी सुटल्यावरची निगडीची गाडी किती वाजता, आणि रविवारी ती येते का. त्याखालोखाल पगारपत्रक, मग मेडिक्लेममध्ये कुठलं हॉस्पिटल चालतं, मग ‘अमुक कामाला कोणाला फोन करू’. आणि आमच्या मुखपृष्ठावर काय होतं? साहेबांचा संदेश, वर्धापनदिनाचे फोटो, आणि ध्येयधोरणांची एक चौकट, जी आम्हां कोणालाच पाठ नव्हती. बसचं वेळापत्रक होतं, नव्हतं असं नाही. प्रशासन, मग सुविधा, मग परिवहन, मग परिपत्रकं, अशा चार दारांमागे. आत गेल्यावर मिळायचं ते दोन वर्षांपूर्वीचं.

वेब मुळात कशासाठी सुचलं ते इथे सांगण्यासारखं आहे. १९८९ च्या मार्चमध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वरिष्ठांना एक टिपण दिलं. तक्रार अगदी आपल्या ओळखीची होती : इथे माणसं दोनेक वर्षं राहतात आणि जातात, त्यांच्याबरोबर माहितीही जाते, आणि असलेली माहिती कुठे आहे हे कोणाला सापडत नाही. म्हणजे वेबचा जन्मच एका ऑफिसच्या पसाऱ्यातून झाला. आणि सर्नमधली सामान्य माणसं त्याकडे कशामुळे वळली? टेलिफोनच्या यादीमुळे. मेनफ्रेम या मोठ्या मध्यवर्ती संगणकावर लॉगिन करून नंबर शोधण्यापेक्षा हे सोपं होतं. तिथे भौतिकशास्त्राचे एवढे दिग्गज, पण आधी हवा होता फोन नंबर. तेव्हा तुमच्या कामगाराला आधी बस हवी असेल तर त्यात कमीपणा काही नाही.

वही भरली की त्यातले चाळीसेक विषय जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर लिहा, एका पत्रिकेवर एक, आणि जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये जाऊन बसा. चारपाच जणांना पत्रिका द्यायच्या आणि ‘जे एकत्र ठेवावंसं वाटतं ते एकत्र ठेवा, आणि त्या गठ्ठ्याला नाव द्या’ म्हणायचं. आपण गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड. आमच्याकडे ‘सेफ्टी शूज बदलून मिळणे’ हा विषय सेफ्टी खात्याला आपला वाटत होता, एचआरला आपला. लेथवरच्या एका टर्नरने ती पत्रिका उचलली, चहाच्या ओल्या वर्तुळावर टेकवली आणि ‘बूट स्टोअरला मिळतात, मग स्टोअरलाच की’ म्हणून बाजूला सरकवली. तो गेल्यावर आणखी तिघांनी तेच केलं. कंपनीचा तक्ता माणसांच्या डोक्यात नसतो. बूट कुठल्या खिडकीवर मिळतात, ते असतं.

मग साहेबांकडे जा. सोबत वही, आणि असेल तर शोधपट्टीची नोंद. लोकांनी काय टाइप केलं आणि कशाला एकही निकाल आला नाही, ही यादी बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये निघते, आयटीवाल्यांकडे मागा. आमच्या यादीत ‘सुट्टी’ या शब्दाला शून्य निकाल होते, कारण आमच्या सगळ्या कागदांवर ‘लीव्ह’ होतं. रजेचा फॉर्म तर ‘एचआर-एफ-०७’ या नावाने चढवलेला. त्याच्या बारशाला कोण होतं देव जाणे. मी त्याच्या नावापुढे ‘रजा, सुट्टी, लीव्ह अर्ज’ एवढं जोडलं. पैसे शून्य लागले.

आणि एक विचारून घ्या : सहाशेपैकी किती जणांना लॉगिन आहे? मशीनवरचा ऑपरेटर, कंत्राटी कामगार, कँटीनची माणसं यांच्याकडे ना कंपनीचा ईमेल ना संगणक, आणि फोन तुम्हाला त्यांचेच येत असतील. टाइम ऑफिसशेजारी बिनालॉगिनचा एक संगणक ठेवता आला तर ठेवा. नाही तर दर सोमवारी पाच गोष्टींचं एक पान छापून नोटीस बोर्डावर. नोटीस बोर्ड मेलेला नाही. त्याच्यावरचे २०१९ चे कागद मेलेत.

आमच्या खरेदी विभागात एकाच रेट काँट्रॅक्टच्या पाच फायली सापडल्या. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन साहेबांनी बघितलेली’ आणि एक नुसतीच ‘कॉपी’. ऑर्डर चुकीच्या दराने गेली. सगळ्यांना शिस्त कशी लावू? (खरेदी अधिकारी, कोल्हापूर)

‘साहेबांनी बघितलेली’ हे नाव वाईट नाही, निदान काहीतरी सांगतं.

शिस्तीचं नंतर बोलू. आधी माझा एक किस्सा. एका फ्लँजच्या बोअरचं, म्हणजे मधल्या भोकाचं, माप बदललं. बदलाची नोटीस निघाली, ड्रॉइंग रिव्हिजन ‘सी’ची ‘डी’ झाली. मी सर्व्हरवर नवी चढवली, जुन्या छापील प्रती गोळा करून त्यांच्यावर ‘रद्द’ असा लाल शिक्का मारला, रजिस्टरला सह्या घेतल्या. कागदावर सगळं चोख. तिसऱ्या पाळीत ३८० नग जुन्या मापाने निघाले. सकाळी लाइनवर गेले तर ते निळ्या क्रेटमध्ये रचून ठेवलेले, वर खडूने फुली. मशीन लावून देणाऱ्या सेटरच्या लॉकरच्या दाराला आतून रिव्हिजन ‘सी’ चिकटवलेली होती, प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून, नीट. मी चिडले. तो शांतपणे म्हणाला, ‘‘मॅडम, रात्री सर्व्हर उघडायला दहा मिनिटं घेतो. मशीन दहा मिनिटं थांबवली तर मला कोण विचारतं? तुम्ही नाही विचारत.’’

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लोक स्वतःची प्रत लपवून ठेवतात ते बेशिस्त असतात म्हणून क्वचितच. अधिकृत प्रतीपर्यंत पोचायचा रस्ता लांब असतो, म्हणून ठेवतात. आम्ही नंतर लाइनवर एक साधा संगणक बसवला, त्यावर फक्त चालू ड्रॉइंग आणि बाकी काही नाही. लॉकर त्यानंतर तपासावे लागले नाहीत. खरं सांगायचं तर तपासले, पण काही सापडलं नाही.

तेव्हा तुमच्या खरेदीत आधी हे बघा की ती पाच पिल्लं जन्मतात कुठे. माझा अंदाज ईमेलवर आहे. फाईल जोडून पाठवली की पाठवणाऱ्याची एक, घेणाऱ्याची एक, आणि ज्याला सीसी केलं त्याची एक. जोडण्याऐवजी दुवा पाठवायचा, म्हणजे सगळे एकाच फाईलवर येतात. नावात तारीख घालायची तर वर्ष आधी, मग महिना, मग दिवस : २०२५-०३-१४. दिवस आधी घातला की ०१ एप्रिल, ०१ ऑगस्ट, ०१ डिसेंबर शेजारी बसतात आणि क्रमाचा चुथडा होतो. ‘फायनल’ हा शब्द नावातून हद्दपार करा, त्याऐवजी रिव्हिजनचा आकडा. जुनी आवृत्ती पुसू नका, ऑडिटरला लागते. ती ‘रद्द’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि तिथले हक्क फक्त एका माणसाकडे ठेवा. फोल्डरात फोल्डर फार खोल नेऊ नका. विंडोजमध्ये फाईलच्या पूर्ण पत्त्याची, म्हणजे फोल्डरांची नावं धरून, जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे, आणि अजून कितीतरी प्रोग्रॅम तिथे अडखळतात. ‘फाईल उघडत नाही’ म्हणून आयटीला गेलेली आमची कित्येक प्रकरणं शेवटी लांबलचक नावांची निघाली.

आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र तुमच्याकडे असेलच. २०१५ च्या आवृत्तीतलं कलम ७.५ हेच मागतं : कागद हवा तिथे, हवा तेव्हा मिळावा, आणि जुना चुकून वापरला जाऊ नये. ऑडिटच्या आदल्या रात्री ते वाचण्याची प्रथा आहे. त्याआधी वाचलं तर उपयोगी कलम आहे.

ताई, मी नगरपरिषदेत लिपिक आहे. शासन निर्णय, परिपत्रकं, साहेबांचे आदेश, सगळं व्हॉट्सॲपवर येतं. तीन ग्रुप आहेत. विचारलं की ‘ग्रुपवर टाकलंय, बघा’. मागच्या महिन्यात माहिती अधिकारात एका आदेशाची प्रत मागितली. आदेश मी डोळ्यांनी वाचलेला आठवतो, पण मिळेना. (एक लिपिक, मराठवाडा)

‘ग्रुपवर टाकलंय, बघा’ हे वाक्य बोलणाऱ्याची जबाबदारी संपवतं आणि ऐकणाऱ्याची सुरू करतं. मध्ये दोनशे ‘शुभ सकाळ’ असतात.

व्हॉट्सॲप निरोपासाठी ठीक आहे, दफ्तर म्हणून नाही. कोणी ग्रुप सोडतं, कोणाचा फोन बदलतो, कोणी फोन भरला म्हणून सगळं पुसतं, आणि नगरपरिषदेचा आदेश एखाद्याच्या खिशातल्या स्वतःच्या फोनवर राहतो. पण तुम्हाला शिकवणारी मी कोण? खाजगी कारखान्यात मी जे वीस वर्षं चाचपडत शिकले ते सरकारी दफ्तरात आधीपासून लिहिलेलं होतं. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीची जी घडी बसवली, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून महाराष्ट्रभर गेली. सहा गठ्ठे पद्धत तुमच्या टेबलापर्यंत पोचलेली असणारच : हातातली प्रलंबित प्रकरणं, कोणाच्या उत्तराची वाट बघणारी, ठराविक मुदतीची नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जायची, आणि नष्ट करायची. या सहांत मला सगळ्यात आवडतो तो शेवटचा गठ्ठा. काय फेकायचं हे आधी ठरवून ठेवणारी माणसं विरळा. आमच्या इंट्रानेटवर सहाव्या गठ्ठ्याला जागाच नव्हती, म्हणून ते फुगत गेलं.

अभिलेखांचं अ, ब, क, ड वर्गीकरणही तसंच. ‘अ’ कायमचं जपायचं, ‘ड’ वर्षभरात जाणार. संगणकावरचे फोल्डर याच हिशेबाने लावता येतात, नवं काही शोधायला नको.

तुमच्यापुरतं रोजचं काम सांगते. ग्रुपवर आदेश आला की त्याच दिवशी तो उतरवून ‘स्थायी आदेश’च्या फोल्डरात टाकायचा, आणि एका तक्त्यात एक ओळ : तारीख, विषय, कोणत्या विभागाचा, कोणता जुना आदेश याने रद्द झाला. शेवटचा रकाना विसरू नका, भांडणं तिथेच होतात. शासन निर्णय असेल तर ग्रुपवरची पीडीएफ ठेवूच नका. राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून मूळ प्रत घ्या आणि तिचा सांकेतांक लिहा. त्या लांबलचक आकड्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस असतात, त्यामुळे तक्ता आपोआप क्रमाने लागतो. ज्याने कोणी हा आकडा असा रचला त्याला माझा नमस्कार.

माहिती अधिकाराबद्दल : २००५ च्या कायद्यात कलम ४(१)(क) आहे, अभिलेख सूचीबद्ध आणि निर्देशांकित ठेवण्याचं. अर्ज येण्याची वाट न बघता सतरा बाबी आपणहून जाहीर करायच्या, हे त्याच्या पुढच्याच उपकलमात. माहिती नाकारण्याची जी कारणं कायद्यात आहेत त्यांत ‘सापडत नाही’ हे नाही. उत्तराला ३० दिवस मिळतात. तेव्हा आज त्या आदेशाच्या मूळ कचेरीला लेखी पत्र देऊन प्रत मागवा आणि जावक क्रमांक जपून ठेवा.

आमच्या पतसंस्थेचे ठराव, पोटनियम, परिपत्रकं मराठीत आहेत. सगळं सर्व्हरवर चढवलं. शोधपट्टीत ‘कर्ज’ टाकलं तर अकरा कागद येतात, प्रत्यक्षात शेकडो असतील. इंग्रजी शब्द मात्र बरोबर सापडतात. मराठीचं वावडं आहे का सॉफ्टवेअरला? (संगणक विभाग, सांगली जिल्हा)

वावडं नाही. तुमचे कागद मराठीत दिसतात, पण आत मराठी नाहीत.

शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या मजकुरात संगणकाच्या लेखी इंग्रजी कळांची अक्षरं असतात. त्यांच्यावर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात, एवढंच. ‘कर्ज’ दिसतं, पण शोधणाऱ्याला आत भलतीच अक्षरं मिळतात. पडताळायचं असेल तर एक ओळ कॉपी करून ईमेलमध्ये चिकटवा. गिचमीड आलं तर हाच आजार.

उपाय म्हणजे यूनिकोडमध्ये रूपांतर. यूनिकोड म्हणजे अशी पद्धत, जिच्यात प्रत्येक मराठी अक्षराला संगणकाच्या लेखी स्वतःचा आकडा असतो. त्यासाठी परिवर्तकं मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फाँटमध्ये रफार अक्षरानंतर टाइप होतो आणि पहिली वेलांटी अक्षराआधी. रूपांतरात हा क्रम नीट उलटला नाही की ‘कर्ज’चं ‘कजर्’ होतं. छापून बघितलं तर लगेच कळतं, पण शोधपट्टी बिचारी ‘कजर्’ कुठे ओळखणार. पीडीएफमधून मजकूर उचलतानाही असंच होतं. म्हणून रूपांतर झाल्यावर ‘कर्ज’, ‘वर्ष’, ‘निर्णय’, ‘अर्ज’ हे चार शब्द शोधून बघा. पतसंस्थेत यातला एकही नाही असा कागद मला दाखवा. आणि रकमेचे आकडे मूळ छापील प्रतीशी ताडा, ते काम शिकाऊ मुलावर टाकू नका.

यूनिकोडमध्ये आल्यावरही दोन खाचखळगे उरतात. ‘ॲप’मधला ‘ॲ’ यूनिकोडमध्ये एक अक्षर म्हणून २००८ साली आला. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन भागवत, काही जण हिंदी पद्धतीचा ‘ऍ’ वापरत. पडद्यावर पहिले दोन हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाला ती वेगळी अक्षरं. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र सुद्धा दोन प्रकारे टाइप होतो. शोधाच्या सॉफ्टवेअरमध्ये या जोड्या समान मानायला सांगता येतं, आयटीवाल्यांना ही ओळ कापून द्या.

आणि स्कॅन केलेला ठराव हा फोटो असतो, त्यात शब्द नसतातच. सगळ्याचं संगणकाकडून अक्षरवाचन (ओसीआर) करून घेण्याइतके पैसे नसतील तर फाईलच्या नावात विषय, ठराव क्रमांक आणि वर्ष एवढं तरी घाला. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले कागद कापडी रुमालांत बांधलेले आहेत. रुमालावर काय लिहिलंय यावर संशोधकाचा अख्खा महिना वाचतो किंवा जातो. तुमची फाईलही रुमालच आहे.

इंट्रानेटवर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी जी अंतर्गत समिती आहे तिची यादी बघितली. अध्यक्ष म्हणून ज्या मॅडमचं नाव आहे त्या दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेल्या. दिलेला ईमेल परत येतो. कोणाला विचारू? विचारलं की ‘का, तुझं काही आहे का’ असं म्हणतील. (नाव नको)

तुम्ही विचारू नका. हे पत्र छापलं जाईल त्याची कात्रणं बऱ्याच एचआर प्रमुखांच्या टेबलावर जावीत अशी माझी इच्छा आहे.

२०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कामाच्या ठिकाणी ही समिती लेखी आदेशाने नेमावी लागते, सदस्यांची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त नसते, आणि तो आदेश ठळक जागी लावावा लागतो. समितीत एक सदस्य बाहेरचा असतो. त्यांचं नाव आणि नंबर यादीत असेल तर थेट त्यांना फोन करता येतो, कोणाच्या परवानगीची गरज नाही. तक्रार करायची असेल तर घटनेपासून तीन महिन्यांची मुदत आहे, समिती कारण बघून ती आणखी तीन महिने वाढवू शकते. पान चुकीचं होतं म्हणून तो काळ थांबत नाही, तेव्हा वाट बघू नका. दहापेक्षा कमी कर्मचारी असल्यामुळे समितीच नसेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. बंद पडलेल्या ईमेलला पाठवलेलं आणि परत आलेलं पत्र पुसू नका, तारखेसकट ठेवा.

एचआर प्रमुखांसाठी : बाकीचं इंट्रानेट शिळं असेल तर लोक वैतागतात. हे पान शिळं असेल तर कोणीतरी गप्प बसतं. पानावर नावं ठेवाच, पण ईमेल समितीच्या नावाचा काढा, माणसाच्या नाही. पानाखाली ‘शेवटचं तपासलं’ ही तारीख, आणि दर तिमाहीला त्या ईमेलवर स्वतः एक पत्र टाकून ते कोणाला पोचतं ते बघा.

आमच्याकडे आता इंट्रानेटवर एआय चॅटबॉट बसवलाय. प्रवासभत्त्याचा दर विचारला तर ठामपणे २०१७ चा सांगतो. (अकाउंट्स, ठाणे)

कारण २०१७ चा कागद तुम्ही काढलेला नाही. आधी तो कागद शोधपट्टीत सातव्या नंबरला निघायचा आणि लोक दुर्लक्ष करायचे. आता तोच गोड आवाजात बोलतो. बॉट बंद करू नका, पण त्याला अख्खा सर्व्हर वाचू देऊ नका. ज्या पानाला मालक आणि तपासल्याची तारीख आहे तेवढीच पानं त्याच्या ताटात वाढा. आणि त्याने उत्तरासोबत मूळ पानाचा दुवा दिलाच पाहिजे, अशी अट घाला. हेही बघा की ‘अमक्याचा पगार किती’ विचारलं तर तो काय म्हणतो. उघड्या फोल्डरात पडलेल्या आधार कार्डांच्या आणि पगाराच्या फायली आजवर कोणाला दिसत नव्हत्या, त्या बॉटला दिसतात. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालाय, ‘आम्हाला माहीत नव्हतं’ आता चालणार नाही.

आमचे स्टोअरकीपर काका पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. एकतीस वर्षांचा अनुभव. साहेबांनी मला सांगितलंय की त्यांच्याकडून ‘सगळं लिहून घे’. त्यांना वही दिली, त्यांनी दीड पान लिहिलं. (शिकाऊ अभियंता, छत्रपती संभाजीनगर)

दीड पान म्हणजे बरंच लिहिलं. ‘तुम्हाला काय काय माहीत आहे ते लिहा’ म्हटलं तर मीही एवढंच लिहिलं असतं. काकांना वाटतं की जे रोजचं ते सगळ्यांनाच माहीत असणार.

वही त्यांच्या हातातून काढून घ्या. लिहायचं तुम्ही. आठ दिवस त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसा, आणि नियम विचारू नका, अपवाद विचारा. हे बेअरिंग वरच्या रॅकला का, खाली जागा असताना? कुठला सप्लायर चलनावर एक लिहितो आणि खोक्यात दुसरं घालतो? वर्षअखेरीच्या मोजणीत नेहमी कमी भरतं ते काय? सिस्टीममध्ये शून्य दिसतं पण तुमच्याकडे असतंच, ते कुठे ठेवता? हा शेवटचा प्रश्न एकटे असताना विचारा. आमच्या स्टोअरकीपरांनी तेव्हा मला एका पिंपाकडे नेलं होतं. त्यात सव्वा लाखाचे ऑइल सील निघाले, तीन वर्षं प्रॉडक्शनची अडलेली पाळी त्याच पिंपावर निघत होती.

जे कळेल ते त्याच संध्याकाळी त्या त्या वस्तूच्या पानावर चढवा. ‘काकांचा अनुभव’ नावाची वेगळी फाईल करू नका, ती कोणी उघडणार नाही. बेअरिंग शोधणाऱ्याला बेअरिंगच्या पानावरच दिसायला हवं की वरच्या रॅकला आहे, कारण खाली पावसाळ्यात पाणी येतं.

आणि साहेबांना सांगून नवा माणूस काका असतानाच बसवून घ्या, काका गेल्यावर नव्हे. शेवटचे चार दिवस चाव्या त्याच्याकडे, काका फक्त खुर्चीत. निरोप समारंभ शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला ठेवतील, तर तो दोन दिवस आधी घ्यायला सांगा. शाल-श्रीफळ झाल्यावर माणूस मोकळा होतो, आणि मग पिंपाकडे नेतो.